वसईचे वादळ, डहाणूचे हादरे : जमिनीची नोंद कोण ठेवते?

१/
आमचे पाम हे गाव बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी वसलेले आहे. इथे लहानाचे मोठे झालेल्या प्रत्येकाला एक सवय असते. मोठा आवाज झाला, खिडकीची तावदाने थरथरली, की घराघरांतून एकच प्रश्न उमटतो : “कुठल्या कंपनीत झालं?” वसाहतीतल्या स्फोटांनी आमच्या कानांना ही शिकवण दिली आहे. हादरा म्हणजे स्फोट, हे समीकरण आमच्याकडे पाठ असते.

२/
१ फेब्रुवारी २०१९ ची दुपार. मी बारावीच्या परीक्षेची तयारी करीत होते. मांडणीवरची भांडी वाजली आणि जमिनीखालून गुरगुर ऐकू आली. आजोबांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. पण त्या दिवशी कुठल्याच कंपनीत काही झालेले नव्हते. हादरा उत्तरेकडून, तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यातून आला होता. तो ४.१ तीव्रतेचा भूकंप होता.

३/
आजोबांचा अनुभव खरा होता, त्याला त्यांनी दिलेले नाव मात्र चुकले होते. इतिहासाचा अभ्यास सुरू केल्यावर मला कळले, की ही चूक केवळ आमच्या घरातली नाही. आपल्या याच किनाऱ्याच्या इतिहासात ती चारशे वर्षांपूर्वीही झाली आहे, आणि तीही छापील ग्रंथांत. आजच्या लेखमालेत हादऱ्यांच्या नोंदींचा इतिहास पाहू : वसई १६१८, कोयना १९६७, किल्लारी १९९३ आणि डहाणू २०१८.

४/
प्रथम वसई. आज पालघर जिल्ह्यात असलेली वसई १६१८ मध्ये पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होती. कोटाच्या आत चर्च, मठ, श्रीमंतांचे वाडे. बाहेर गलबतांनी भरलेली खाडी. त्या वर्षीच्या मे महिन्यात या शहरावर मोठे संकट कोसळले. सुमारे २,००० माणसे मेली, ६० जहाजे बुडाली, असे आकडे नोंदींतून पुढे चालत आले.

५/
एकोणिसाव्या शतकात भारतातील भूकंपांच्या सूच्या तयार होऊ लागल्या, तेव्हा ही घटना ‘मुंबई, २६ मे १६१८’ म्हणून त्यांत गेली. पुढे विसाव्या शतकात जुन्या भूकंपांना अंदाजाने तीव्रता देण्याचे काम झाले. काही सूच्यांत या घटनेपुढे ६.९ हा आकडा आला. म्हणजे किल्लारीपेक्षाही मोठा भूकंप, तोही मुंबईच्या उंबरठ्यावर!

६/
आता मूळ पोर्तुगीज परंपरेतला वृत्तांत पाहा. त्यात प्रचंड वाऱ्याचे वर्णन आहे. वाऱ्याने समुद्र शहरात घुसला. लाटांची भयंकर गर्जना झाली. चर्चची शिखरे उडाली, अवजड दगड दूरवर फेकले गेले. वारा, भरती, उडालेली छपरे, बुडालेली जहाजे. आणि महिना मे, म्हणजे अरबी समुद्रात चक्रीवादळे उठण्याचा काळ. हे वर्णन भूकंपाचे नव्हे, चक्रीवादळाचे आहे.

७/
मग त्याचा भूकंप कसा झाला? जुन्या लेखकांच्या लेखी वादळ, भरती, धरणीकंप ही सारी एकाच दैवी कोपाची रूपे होती आणि ती एकाच वाक्यात येत. सूची करणाऱ्याला मात्र एका घटनेसाठी एकच रकाना हवा असतो. ‘भूकंप’ हा शब्द रकान्यात शिरला आणि ‘वादळ’ बाहेर राहिले. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी मूळ वृत्तांताऐवजी आधीची सूचीच वाचली.

८/
असे केवळ वसईचे झालेले नाही. ऑक्टोबर १७३७ मध्ये कलकत्त्यात भूकंपाने ३,००,००० माणसे मेली, असे अनेक ग्रंथांत लिहिलेले सापडते. भूकंपशास्त्रज्ञ रॉजर बिल्हम यांनी १९९४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची समकालीन कागदपत्रे तपासली. त्यांत आढळले ते वादळ आणि पूर. शिवाय त्या काळच्या कलकत्त्याची लोकसंख्याच त्या आकड्याच्या कितीतरी खाली होती.

९/
मित्रांनो, इथे एक गोष्ट ध्यानात घेऊ. जुन्या भूकंपांची यादी ही केवळ इतिहासाची आवड म्हणून जपलेली वस्तू नाही. एखाद्या भागाला भूकंपाचा किती धोका आहे हे ठरवताना अभियंते याच याद्या वापरतात. पूल, धरण, अणुकेंद्र, उंच इमारत यांच्या आराखड्यामागे कुठेतरी कोण्या लेखनिकाने लिहिलेले एक वाक्य उभे असते. ते चुकीचे वाचले तर पुढचे गणितही चुकते.

१०/
पण चुकीची नोंद ही अर्धीच अडचण आहे. उरलेली अर्धी अधिक गंभीर आहे, ती म्हणजे नोंदच नसणे. वसईत लिहिणारे पाद्री आणि अधिकारी होते, म्हणून वसईचे वादळ कागदावर उरले. त्याच शतकात तलासरीच्या किंवा कासाच्या एखाद्या वारली पाड्यावर महिनाभर जमीन हादरली असती, तर ती कोणी लिहून ठेवली असती?

११/
“मग यंत्रे होती ना?” असा प्रश्न येईल. १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर भारतात भूकंपमापक बसवण्याची निकड भासली. १८९८-९९ च्या सुमारास कलकत्ता, कोडाईकनाल आणि आपल्या मुंबईची कुलाबा वेधशाळा येथे मिल्न यांच्या रचनेची यंत्रे आली. परंतु ही यंत्रे दूरच्या मोठ्या भूकंपांसाठी उपयोगी होती. डहाणूच्या डोंगरातला लहानसा हादरा टिपणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

१२/
कागद गप्प, यंत्र गप्प. या मौनातून एक ठाम समज तयार झाला : दख्खनचे पठार स्थिर आहे. त्याला आधारही होता. इथला काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतून बनला. हिमालयासारखी दोन भूखंडांची टक्कर इथे होत नाही. म्हणून भूकंप हे उत्तरेचे दुखणे आणि आपण सुरक्षित, असे पाठ्यपुस्तकेही सांगत.

१३/
हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोडला. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरले. सुमारे २०० माणसे मृत्युमुखी पडली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. त्याच वेळी आमच्या किनाऱ्यावर तारापूर अणुकेंद्राचे बांधकाम चालू होते, हे सहज आठवले तरी काळाची जुळणी लक्षात येते.

१४/
कोयनेबाबत लोकांनी आधीच काही सांगितले होते. धरणात पाणी साठू लागले त्यानंतर परिसरात लहान हादरे जाणवू लागले होते, जमिनीतून आवाज येत होते. पुढे हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आणि हरी नारायण यांनी १९७२ मध्ये चीनमधील शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतील करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता आणि कोयना या जलाशयांजवळच्या भूकंपांची तुलना केली आणि त्यांतली समान लक्षणे मांडली.

१५/
यामागचे तत्त्व स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने समजते. भाताच्या पातेल्यावर जड झाकण ठेवले तर ते सहज सरकत नाही. आत वाफ धरली, तिने झाकण किंचित उचलले, की बोटाच्या धक्क्यानेही ते घसरते. खडकातल्या भेगांमधल्या पाण्याचा दाब असेच काम करतो. आधीच ताणाखाली असलेल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर कमी घट्ट बसतात आणि खडक सरकतो. पाणी ताण निर्माण करीत नाही. साठलेला ताण मोकळा होण्याची वेळ ते अलीकडे आणते.

१६/
हाच धडा ठाणे जिल्ह्याने १९८३ मध्ये घेतला. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या परिसरात त्या मे महिन्यात हादरे सुरू झाले. १५ सप्टेंबरला त्यांतला मोठा, ४.९ तीव्रतेचा भूकंप झाला. खर्डीच्या परिसरातल्या वडीलधाऱ्यांना आजही तो पावसाळा आठवतो. मुंबईला पाणी देणाऱ्या धरणाच्या काठची जमीन हलत होती.

१७/
आणि मग किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसांचा बळी घेतला. आसपास कोयनेसारखे विशाल धरण नव्हते. भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या ‘विभाग एक’मध्ये मोडत होता.

१८/
किल्लारीची सर्वांत बोचरी नोंद भूकंपाच्या आधीची आहे. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याच परिसरात हादरे जाणवले होते. लोक घाबरले होते, काही रात्री घराबाहेर झोपले होते. जवळपास यंत्रांचे दाट जाळे नव्हते. त्या लहान हादऱ्यांची बारीक मोजणी होऊ शकली नाही, आणि वर्ष उलटण्याच्या आत ती पहाट आली.

१९/
माणसे मारली ती मात्र भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे हे शहाणपणाचे घर हादऱ्यात थडगे ठरले. पुढे २००२ मध्ये देशाच्या भूकंप नकाशातून ‘विभाग एक’ हा प्रकारच रद्द करण्यात आला. ‘इथे काही होणार नाही’ असे म्हणता येईल असा रंग त्या नकाशावर उरला नाही.

२०/
किल्लारीने विज्ञानालाही खाली उतरवले, अगदी शब्दशः. तिथे विंधन घेतले तेव्हा बेसॉल्टचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. पुढे कोयना परिसरात गोठणे येथे ३ किलोमीटर खोल विंधन घेण्यात आले. ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. तिथे बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड होता. या संशोधनासाठी कराडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे.

२१/
इतकी खटाटोप कशासाठी? कारण आपण ज्याला दख्खनचा भरभक्कम कातळ म्हणतो तो एक पांघरूण आहे. भूकंप त्या पांघरुणाखालच्या पुरातन खडकातल्या जुन्या भेगांवर होतात. वरून पाहून त्या भेगा दिसत नाहीत. उसाचे शेत, एसटी स्टँड, शाळा यांच्याखाली त्या शांत पडून असतात. जमीन स्थिर दिसते कारण आपण पांघरूणच पाहत असतो.

२२/
आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हादरे सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी ही नावे बातम्यांत येऊ लागली. एक मोठा भूकंप आणि मागाहून येणारे लहान धक्के, असा नेहमीचा क्रम इथे नव्हता. लहान-लहान हादरे येत राहिले, थांबले, पुन्हा आले. शास्त्रज्ञ याला ‘स्वार्म’ म्हणतात. स्वार्म म्हणजे मधमाश्यांचा थवा. यात कोणी एक राणी हादरा नसतो, सगळा थवाच घोंघावत असतो.

२३/
केंद्र उथळ असले की लहान हादऱ्यालाही आवाज असतो. धुंदलवाडीच्या लोकांनी वर्णन केलेली जमिनीखालची ‘गडगड’ हा भास नव्हता. थंडीच्या दिवसांत माणसे लेकराबाळांसह उघड्यावर झोपली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारले. १ फेब्रुवारी २०१९ ला, ज्या दुपारी आमच्या घरातली भांडी वाजली, त्या दुपारी तिकडे घाबरून पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. आमच्याकडे भांडी वाजली होती, एवढेच.

२४/
पाड्यांवर घरांचे दोन प्रकार दिसतात. एक कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले, हलक्या छपराचे जुने घर. दुसरे विटांचे नवे. तडे गेले ते बहुधा विटांच्या भिंतींना. कुडाचे घर हलते, वाकते, पण कोसळून माणसाला चिरडत नाही. किल्लारीच्या माळवदाशी याची तुलना करून पाहा. गरिबीची खूण समजले गेलेले घर हादऱ्याच्या बाबतीत अधिक शहाणे निघाले. याचा अर्थ पक्की घरे नकोत असा नाही. पक्के घर बांधताना भिंतीला बांधून ठेवणारे पट्टे घातले पाहिजेत, असा आहे.

२५/
यावेळी इतिहासात प्रथमच या डोंगरपट्ट्यातल्या हादऱ्यांची बारीक नोंद झाली. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी परिसरात भूकंपमापक बसवले. जवळ यंत्र असले की माणसाला न जाणवणारे हादरेही टिपले जातात. पाहता पाहता नोंदी हजारांत गेल्या. बहुतेक हादरे लहान होते आणि त्यांची केंद्रे उथळ होती.

२६/
दुसरा साक्षीदार आकाशात होता. काही उपग्रह रडारच्या लहरी सोडून जमिनीचे चित्र घेतात. त्याच जागेची आधीची आणि नंतरची चित्रे एकमेकांवर ठेवली की जमीन सेंटीमीटरच्या मापात वर आली की खाली गेली, ते कळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पालघरच्या या पट्ट्यात जमीन किंचित खचल्याचे अशाच चित्रांतून दिसले. खडकाची एक बाजू दुसरीच्या तुलनेत खाली सरकत होती, आणि त्यातला मोठा भाग आवाज न करता, हादरा न देता सरकत होता.

२७/
कारण काय? संशोधकांचा कल पुन्हा पाण्याकडे आहे, पण यावेळी पावसाच्या पाण्याकडे. भेगांतून झिरपलेले पाणी खोल जाते, दाब बदलतो आणि ताणलेल्या भेगा थोड्या थोड्या सरकत राहतात. आपल्या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटू नये. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून आपल्या सातिवली, कोकनेर, हालोलीपर्यंत गरम पाण्याच्या कुंडांची माळच आहे. ते पाणी म्हणजे खोल उतरून, तापून, भेगांतून वर आलेले पावसाचेच पाणी. ज्या कुंडात आपण पिढ्यान्‌पिढ्या आंघोळ केली, ते जमिनीखालच्या भेगांचे उघडे पत्र होते.

२८/
“मग मोठा भूकंप येणार का?” हा प्रश्न त्या हिवाळ्यात प्रत्येक पाड्यावर विचारला गेला. किल्लारीच्या १९९२ ची आठवण असणाऱ्याला तो विचारावाच लागतो. प्रामाणिक उत्तर असे : भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगणारे यंत्र जगात कुठेही नाही. बहुतेक थवे मोठा भूकंप न होताच विरून जातात. ४.१ आणि ६.२ यांत दोनाचा फरक दिसतो, पण बाहेर पडणारी ऊर्जा हजारपटींहून अधिक असते. म्हणून घाबरून गाव सोडण्याची गरज नाही, आणि निर्धास्त होऊन भिंत कच्ची ठेवण्याचीही मुभा नाही.

२९/
आता चारही घटना शेजारी ठेवू. वसईत वादळाला भूकंप म्हटले गेले. कोयनेत आणि किल्लारीत लोकांना हादरे जाणवत असतानाही ‘पठार स्थिर आहे’ हा समज टिकून राहिला. पाममध्ये भूकंपाला स्फोट म्हटले गेले. प्रत्येक वेळी माणसाने नव्या अनुभवाला आपल्या ओळखीच्या भीतीचे नाव दिले. पाद्र्याला देवाचा कोप ठाऊक होता, अधिकाऱ्याला नकाशा ठाऊक होता, आम्हाला कंपनी ठाऊक होती.

३०/
यातून इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली : साक्षीदाराने काय अनुभवले आणि त्याने त्याला काय नाव दिले, या दोन गोष्टी वेगळ्या करून वाचाव्यात. वारा, पाणी, आवाज, दिशा, वेळ, काय पडले, काय टिकले, हे तपशील बहुधा खरे असतात. निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा. वसईचा वृत्तांत असाच वाचला म्हणून ते वादळ पुन्हा वादळ झाले.

३१/
दुसरी : मौनाला पुरावा मानू नये. डहाणूच्या डोंगरात २०१८ पूर्वी भूकंप झालेच नाहीत, असे कागद सांगत नाही. कागद एवढेच सांगतो की तिथे लिहिणारा कोणी नव्हता. ज्यांच्या घरी दौत-लेखणी नव्हती त्यांची जमीनही इतिहासात हलली नाही. २०१८ च्या हिवाळ्यात ही रीत मोडली, कारण पाड्यांवरच्या लोकांनी तक्रार लावून धरली आणि मगच यंत्रे डोंगरात पोहोचली. पहिला भूकंपमापक माणूसच होता.

३२/
म्हणून एक विनंती. आज राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचे दीडशेहून अधिक केंद्रांचे जाळे देशभर आहे, तरी यंत्र नसलेल्या जागाच अधिक आहेत. तुमच्या घरी, पाड्यावर, वाडीत आजी-आजोबांना विचारा : जमीन कधी हलली होती का? लग्नसराई होती की भातकापणी? विहिरीचे पाणी गढूळ झाले होते का? कोणती भिंत पडली? उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेच्या जवळपासच्या खुणेसह लिहून ठेवा. आपला अर्थ त्यात मिसळू नका.

३३/
आमच्या आजोबांची नोंद मी अशी लिहून ठेवली आहे : ‘१ फेब्रुवारी २०१९, दुपार. जमिनीखालून गुरगुर, मग मांडणीवरची भांडी वाजली. भिंतीला तडा नाही. आजोबांना कंपनीतला स्फोट वाटला.’ शेवटचे वाक्य मी मुद्दाम खोडलेले नाही. आज त्यांचा अंदाज चुकीचा ठरला असला, तरी या गावात हादऱ्याचा पहिला अर्थ ‘कंपनी’ असा होता, हीदेखील आमच्या काळाची नोंद आहे. चारशे वर्षांनी ती वाचणाऱ्याने हादराही समजून घ्यावा आणि आम्हालाही.